घोड्याच्या टापांत राजाचं मरण लिहिलेलं नसतं

शिवजयंती जवळ आली किंवा एखाद्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं की एक संदेश हमखास फिरायला लागतो. त्याचा सारांश असा: पुतळ्यातल्या घोड्याचे पुढचे दोन्ही पाय हवेत असतील तर स्वाराला रणांगणात वीरमरण आलं, एकच पाय उचललेला असेल तर तो लढाईतल्या जखमांनी पुढे वारला, चारही पाय जमिनीवर असतील तर त्याला नैसर्गिक मृत्यू आला. हा नियम जगभरचे शिल्पकार पाळतात, असंही त्यात ठासून सांगितलेलं असतं. शिकलेसवरलेले लोक तो पुढे पाठवतात आणि मुलं तो सामान्यज्ञान म्हणून पाठ करतात. मला हे मनापासून खटकतं, कारण हा नियम खोटा आहे आणि पुतळ्याबद्दलची खरी माहिती ज्या चौथऱ्यावर कोरलेली असते, त्याच्याकडे तो पाठ फिरवायला शिकवतो.

एकेक दावा तपासू.

"दोन्ही पाय हवेत म्हणजे रणांगणात मृत्यू."

सेंट पीटर्सबर्गमधला रशियाचा सम्राट पीटर द ग्रेट याचा पुतळा घ्या. एका प्रचंड खडकाच्या टोकावर घोडा मागच्या दोन पायांवर उभा ठाकलेला आहे. नियमाप्रमाणे पीटर युद्धात पडायला हवा. प्रत्यक्षात तो १७२५ साली मूत्रमार्गाच्या दुखण्याने, आपल्याच राजधानीत, अंथरुणावर वारला. फ्रेंच शिल्पकार फाल्कोने याने घडवलेल्या या पुतळ्याचं अनावरण १७८२ साली झालं, म्हणजे पीटरच्या मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी.

मग हा पुतळा सांगतो तरी काय? खडकावर एका बाजूला रशियन आणि दुसऱ्या बाजूला लॅटिन भाषेत कोरलेलं आहे: पहिल्या पीटरला, दुसऱ्या कॅथरीनकडून, आणि साल. एवढंच. पण या एका ओळीत त्या पुतळ्याचं सगळं राजकारण आहे. पुतळा उभारणारी रशियाची सम्राज्ञी कॅथरीन जन्माने जर्मन राजकन्या. पीटरच्या रक्ताशी तिचा काही संबंध नव्हता. नवऱ्याला, म्हणजे तिसऱ्या पीटरला, पदच्युत करून ती गादीवर आली होती. तिला आपलं नाव पीटरच्या नावाशेजारी, तेही त्याची थेट वारसदार असल्यासारखं, दगडात हवं होतं. पहिला आणि दुसरी ही जोडी पाहणाऱ्याच्या मनात आपोआप जुळते. लॅटिनमधला मजकूर युरोपातून येणाऱ्यांसाठी, रशियन मजकूर घरच्यांसाठी. टापा मोजत बसलेल्या माणसाच्या हातून हे सगळं निसटतं.

माद्रिदमध्ये स्पेनचा राजा चौथा फिलिप याचा पुतळा आहे. पिएत्रो ताक्का या इटालियन शिल्पकाराने तो १६४० साली पूर्ण केला. इथेही घोडा मागच्या पायांवर उभा आहे. हा राजा १६६५ साली आजारपणाने वारला, म्हणजे पुतळा झाला तेव्हा त्याच्या आयुष्याची पंचवीस वर्षं शिल्लक होती. एकोणिसाव्या शतकात राणी दुसरी इसाबेल हिने तो आजच्या जागी बसवला. तिथल्या चौथऱ्यावरचा लेख सांगतो की हे स्मारक कलांच्या गौरवासाठी आणि राजधानीच्या शोभेसाठी उभारलं आहे. पुतळा का उभा आहे याचं इतकं सरळ उत्तर तिथेच लिहिलेलं असताना टापांवरून तर्क कशाला करायचा?

"एक पाय उचललेला म्हणजे जखमांमुळे नंतर मृत्यू."

रोमन सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या प्रसिद्ध कांस्य पुतळ्यात घोड्याचा पुढचा एक पाय उचललेला आहे. सम्राट इ. स. १८० मध्ये वारला तो आजाराने, जखमांनी नव्हे. या पुतळ्याचा इतिहास तर मुळातूनच वाचण्यासारखा आहे. मध्ययुगात लोक त्याला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाईन समजत होते आणि म्हणूनच तो वितळवला गेला नाही, असं मानलं जातं. स्वार कोण याचाच लोकांना विसर पडला होता. पुढे १५३८ साली तो कॅपिटोलाईन टेकडीवर नेला गेला आणि मायकेलअँजेलोने त्याला नवा चौथरा दिला. टापांचा संकेत खरोखर प्राचीन असता तर शतकानुशतकं त्या घोड्याखालून जाणाऱ्या रोमकरांना स्वार ओळखायला त्याची थोडी तरी मदत झाली असती.

लंडनच्या चेअरिंग क्रॉसला पहिल्या चार्ल्सचा पुतळा आहे. तिथेही घोड्याचा एक पाय वर आहे. चार्ल्सचा १६४९ साली जाहीर शिरच्छेद झाला. वीरमरण, जखमा, नैसर्गिक मृत्यू या तीन खणांपैकी हा कोणत्या खणात बसवायचा? आणि मुख्य गोष्ट ही की पुतळ्यावर शिल्पकार ह्युबर्ट ल स्यूअर याच्या नावासोबत १६३३ हे साल आहे. राजा तेव्हा जिवंत होता, गादीवर होता. सोळा वर्षांनी आपलं काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तर शिल्पकाराला कुठून असणार?

हा मुद्दा एकटाच या नियमाला पुरेसा आहे. राजांचे कितीतरी पुतळे त्यांच्या हयातीतच उभे राहिले. मुंबईचा काळा घोडा आठवा. १८७५ साली आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला, शिल्पकार जोसेफ बोएम, साल १८७९. स्वार राजा झाला १९०१ मध्ये, सातवा एडवर्ड या नावाने, आणि वारला १९१० मध्ये. तो पुतळा १९६५ साली हलवला गेला आणि आता राणीच्या बागेत आहे. पुतळा उभा राहिला तेव्हा स्वाराच्या आयुष्याची एकतीस वर्षं बाकी होती. त्या घोड्याच्या पायांत मृत्यूची बातमी असणं शक्यच नाही.

"चारही पाय जमिनीवर म्हणजे नैसर्गिक मृत्यू."

यावर फार वेळ घालवायला नको. बहुतेक राजे आजाराने किंवा वयाने गेले, त्यामुळे असा पुतळा दिसला की उत्तर बहुधा जुळणारच. झाशीच्या राणीचे घोडा उधळलेले पुतळे आणि १८५८ साली ग्वाल्हेरजवळ लढताना तिला आलेलं मरण हेही असंच जुळतं. जुळलेली उदाहरणं लक्षात राहतात आणि न जुळलेली कोणी मोजत नाही.

"हा जगभरचा नियम आहे."

या समजुतीला सर्वांत जास्त बळ मिळालं ते अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या रणभूमीवर. तिथल्या यादवी युद्धातल्या सेनापतींच्या पुतळ्यांना ही जुळणी बरीच लागू पडत होती, तीसुद्धा फक्त त्या एका लढाईपुरती: कोण पडला, कोण जखमी झाला, कोण सुखरूप राहिला. १९९८ मध्ये तिथे जनरल लाँगस्ट्रीटचा पुतळा बसला. घोड्याचा एक पाय वर, पण लाँगस्ट्रीट त्या लढाईत जखमी झालाच नव्हता. जिथे ही गोष्ट रुजली तिथेच ती टिकली नाही.

मग पाय का उचलतात? चालणारा घोडा पाय उचलतोच, आणि धातूत चाल दाखवायची तर तेवढं पुरतं. दोन्ही पाय उचलायचे तर सगळ्या कांस्याचा भार मागच्या दोन बारीक घोट्यांवर येतो. लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या ड्यूकसाठी आधी असा उसळता घोडा योजला आणि नंतर तो चालता केला. ताक्काने पुढचा भाग पोकळ आणि मागचा भरीव ठेवून तोल साधला. त्यासाठी गॅलिलिओचा सल्ला घेतला होता असं सांगतात. फाल्कोनेने घोड्याच्या मागच्या पायांखाली साप दाखवला आणि शेपटीला त्याचा आधार मिळाला. पायांची ठेवण धातू, पैसा, जागा आणि शिल्पकाराची हिंमत यांवर ठरते.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रभर छत्रपती शिवाजी महाराजांचे अश्वारूढ पुतळे आहेत. कुठे घोडा उधळलेला, कुठे एक पाय उचललेला, कुठे शांत उभा. माणूस एक आणि मरण एक, तर तीन संकेत कसे? तरीही हा संदेश वाचून कोणी एखाद्या पुतळ्याचा फोटो टाकतो आणि महाराज जखमांमुळे गेले असं लिहून मोकळा होतो. हे मला सहन होत नाही. त्यांचं निधन ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर आजारपणानंतर झालं. त्याविषयी वाद घालायचा असेल तर बखरी आहेत, समकालीन पत्रं आहेत, इंग्रज वखारीचे कागद आहेत.

आणि पुतळ्यांविषयी बोलायचं असेल तर पुण्यातल्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातला पुतळा पाहा. शाहू महाराजांच्या पुढाकाराने झालेल्या या स्मारकाची कोनशिला नोव्हेंबर १९२१ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या (काळ्या घोड्याच्या स्वाराचा नातू, पुढे आठवा एडवर्ड) हस्ते बसली, नेमकी त्याच भेटीत जिच्यावर काँग्रेसने बहिष्कार घातला होता आणि जिच्यामुळे मुंबईत दंगल उसळली होती. नानासाहेब करमरकरांनी घडवलेला पुतळा १९२८ साली उभा राहिला. महाराजांच्या वारशावर कोण हक्क सांगत होतं, ब्रिटिश राजपुत्राला तिथे का बोलावलं गेलं, हे प्रश्न त्या कोनशिलेपाशी सुरू होतात.