‘अस्थिमज्जा’ असताना ‘बोन मॅरो’ का लिहिलं?

सर, नमस्कार.

कऱ्हाडहून पाठवलेली तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. ‘बोन मॅरो म्हणजे काय’ या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं : मराठीत अस्थिमज्जा हा नेमका शब्द असताना मी लेखभर इंग्रजी शब्द वापरला, वर ‘हाडातला गर’ असं बाळबोध भाषांतर केलं, इंग्रजीत मॅरो म्हणजे मॅरोच, मग आपणच ढिलेपणा का करायचा?

एक चूक कबूल. अस्थिमज्जा हा शब्द लेखात पार खाली आला होता, तो पहिल्या ओळीत हवा होता. काल रात्रीच तो बदल केला. शब्द आपला आणि जुना आहे. आयुर्वेदानं शरीर घडवणारे सात धातू मानले, त्यांत मज्जा सहावी. सुश्रुतसंहितेत तर मोठ्या हाडांतली ती मज्जा आणि इतर हाडांत असतो तो रक्तमिश्रित मेद, असा फरकही केलेला आहे. आज डॉक्टर पिवळी (चरबीची) आणि लाल (रक्त घडवणारी) मज्जा म्हणतात, त्याच्या किती जवळचं निरीक्षण आहे हे! रक्तपेशी मज्जेतच तयार होतात हे मात्र १८६८ साली अर्न्स्ट नॉयमान या जर्मन डॉक्टरांनी दाखवलं.

पण बोन मॅरो मी आळसानं लिहिलं नाही. माझी चुलती तासगावकडची. दोन वर्षांपूर्वी तिचं रक्त सारखं कमी व्हायला लागलं, म्हणून मिरजेला दाखवलं. डॉक्टरांनी तपासणी सांगितली आणि सहीसाठी मराठी फॉर्म पुढे आला. त्यावर एवढंच छापलेलं : ‘मज्जा तपासणी’. माझा चुलतभाऊ बारावी शिकलेला. त्यानं पेन खाली ठेवलं. “ताई, मज्जारज्जूला सुई लागली तर आय जन्माची जाग्यावर बसंल. न्हाई करायची सही.” आणि तो तिला घरी घेऊन गेला. आठ दिवस वाया गेले. त्या आठ दिवसांत तिला दोन पायऱ्या चढल्या की धाप लागत होती.

सर, त्याचं काय चुकलं? शाळेत आपण मज्जासंस्था, मज्जातंतू, मज्जारज्जू हेच शिकलो. आता पुस्तकांत चेतासंस्था आणि मेरुरज्जू आलेत, पण घराघरांत मज्जा म्हटलं की माणसाचा हात पाठीच्या कण्याकडे जातो. लहान पोरांना तर मज्जा म्हणजे मौज. ‘अस्थि’ हा अर्धा भाग फॉर्मवर गळला आणि उरलेल्या अर्ध्यानं घर घाबरलं.

शेवटी मीच तासगावला गेले. सुई मणक्यात जात नाही, कमरेच्या मागे खुब्याचं जे हाड हाताला लागतं त्यात जाते, हे चुलतीच्याच कमरेवर बोट ठेवून दाखवलं. हाडाच्या आत मऊ भाग असतो, रक्त तिथं तयार होतं, म्हटलं. ती क्षणभर गप्प बसली आणि म्हणाली, “म्हंजे नळीतलं?” मटणाची नळी तिनं आयुष्यभर शिजवली होती. मला लेखभर शोधून सापडला नसता असा शब्द तिनं दिला. ‘हाडातला गर’ तिथून आला. तुलना अर्धीच खरी आहे, हेही सांगते : नळीत बहुतेक चरबी, म्हणजे पिवळी मज्जा असते. मोठ्या माणसात रक्त घडवणारी लाल मज्जा मुख्यतः खुबा, छातीचं हाड, बरगड्या, मणके यांत असते.

तपासणीच्या वेळी मी शेजारी होते. जागा बधिर केली होती, तरी सिरिंज ओढताना आतून एक कळ जाते. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. काचेवर टाकलेला थेंब नुसतं रक्त वाटला. टेक्निशियननं काच तिरकी केली, रक्त ओघळलं आणि मागे रव्यासारखे बारीक कण चिकटून राहिले. “हे कण आले म्हणजे मॅरो आला,” टेक्निशियन म्हणाली. त्या खोलीत अस्थिमज्जा हा शब्द कुणाच्याच तोंडी नव्हता.

आता इंग्रजीच्या नेमकेपणाबद्दल. मॅरो आणि आपली मज्जा एकाच कुळातले शब्द आहेत. फारसीतून मराठीत आलेला मगजही त्यांचाच भाऊबंद, आणि रशियनमध्ये मेंदूला मोज्ग म्हणतात तोही. म्हणजे हाडातला गर आणि डोक्यातला गर यांची सरमिसळ फार जुनी. इंग्रजीत पूर्वी मज्जारज्जूला स्पायनल मॅरो म्हणत. मज्जेच्या ग्रीक शब्दावरून घेतलेल्या शब्दांत हा घोळ अजून आहे : मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या पेशींचा कॅन्सर, तर मायलायटिस ही मज्जारज्जूची सूज. शिवाय इंग्लंडच्या बाजारात मॅरो मागितला तर दुधीसारखी फळभाजी हातात येते. थंडी ‘मॅरोपर्यंत’ गेली, असंही ते म्हणतात. आपली महाबळेश्वरची थंडी हाडं गोठवते, तिथंच थांबते. म्हणून तो वाक्प्रचार मज्जेसकट मराठीत आणू नये, या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे.

यापुढे मी पहिल्यांदा ‘अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो’ असं लिहीन, आणि त्याच वाक्यात ‘पाठीच्या कण्यातली मज्जारज्जू नव्हे’ हेही. ‘हाडातला गर’ मात्र काढणार नाही. तुमच्याकडे कऱ्हाड-पाटण भागात नळीतल्या त्या भागाला वेगळा शब्द असेल, तर जरूर कळवा, लेखात घालीन.