चळवळीच्या भाषेवर पीएचडी, मोर्चा न बघता

चळवळी लोकांना कसं पटवतात यावर पीएचडी करायची ठरवलीत? उत्तम. मराठवाड्यात विषय एसटीच्या एका तिकिटावर आहे. फक्त तिकीट काढू नका.

आधी चौकट. स्नो आणि बेनफर्ड यांनी १९८८ मध्ये चळवळीच्या मांडणीची तीन कामं सांगितली: दुखणं काय नि दोष कुणाचा, उपाय काय, आणि आपणच का उतरायचं. भाषण ऐकण्याआधी तीन रकाने आखा. जे वाक्य बसत नाही ते गाळा.

औरंगाबादचा ९ ऑगस्ट २०१६चा मराठा मूक मोर्चा मात्र पंचाईत करेल. एवढी गर्दी, आणि भाषणबाजी नाही! 'वक्तृत्वाचा अभाव' असा शेरा मारा. मुली पुढं, मागं बायका, मग पुरुष, पुढारी पार शेवटी; निवेदन द्यायलाही मुलीच. हा क्रमच युक्तिवाद होता, पुढाऱ्यांना विटलेल्यांसाठी आणि दंग्याला भिणाऱ्या शहरासाठीही, असं कुणी म्हणालंच तर संदर्भ मागा.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर एका वाक्यात आटपा. ठराव २७ जुलै १९७८ला, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ला, मधे 'संघर्ष'. विरोधकांनी तीच मागणी मराठवाड्याच्या अस्मितेवरचा घाला म्हणून कशी फिरवली, शेवटी बाबासाहेबांचं नाव लागलं आणि 'मराठवाडा'ही राहिलं ते कुणाकुणाची समजूत घालायला, यात शिरलात की जुनी पत्रकं धुंडाळावी लागतात. तीही दोन्ही बाजूंची. धूळ फार.

मराठा आरक्षणासाठीची, अंतरवाली सराटीची २०२३ची भाषणं उतरवून काढताना बोली धुऊन घ्या. 'हाय'चं 'आहे', 'व्हतं'चं 'होतं'. टाळ्या, मधेच उठलेली आरोळी, वक्ता थांबला ती जागा, सगळं खोडा. मग 'वक्त्याची विश्वासार्हता' या प्रकरणात, शेतातून आलेल्या माणसाला हा बोलणारा आपला का वाटला असेल, यावर ॲरिस्टॉटलच्या आधारानं वीस पानं लिहा. उत्तर खोडलेल्या ओळींत होतं, पण मार्गदर्शक शुद्धलेखनावर खूश होतील.

राहिला श्रोता. त्याला पाच पर्यायांची प्रश्नावली द्या, तीही प्रमाण मराठीत, 'अभिव्यक्तीची परिणामकारकता' वगैरे घालून. वर नाव आणि मोबाइल नंबरचा रकाना ठेवा, म्हणजे पोलिसांची नोटीस येऊन गेलेला माणूस कागदाला हातच लावणार नाही. बीडकडं जाल तर दिवाळीनंतर जा. ऊसतोडीला गेलेल्या घरांना कुलपं असतील. निष्कर्षात लिहा: 'ग्रामीण भागातून प्रतिसाद उदासीन.'