सेंट पीटर्समधल्या मधमाश्या आणि आत्याचा फॉरवर्ड

रोमच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये मुख्य वेदीवर शिल्पकार बर्निनीचं ब्राँझचं भलंमोठं छत्र आहे. आत्याने घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फॉरवर्डनुसार त्यात चार रहस्यं दडलीत: मधमाश्या ही इल्युमिनाटी या गुप्त संघटनेची खूण, पिळाचे खांब म्हणजे सर्प, सूर्य म्हणजे चोरून केलेली सूर्यपूजा, आणि चौथऱ्यावरची किंचाळणारी बाई म्हणजे नरबळी. वर 'डिलीट व्हायच्या आत वाचा'. वाचलं.

इल्युमिनाटी निघाली १७७६ साली, जर्मनीतल्या बव्हेरियात. छत्र पूर्ण झालं १६३३ मध्ये. जन्माला यायच्या आधीच यांची खूण कोरून तयार! तीन मधमाश्या हे छत्र करवून घेणाऱ्या पोप आठवा अर्बन याच्या बार्बेरिनी घराण्याचं चिन्ह. आणि गुप्त कसलं? १६४४ मध्ये बर्निनीनेच भर रस्त्यात मधमाश्यांचं कारंजं उभारलं, लोकांच्या पाण्यासाठी.

नरबळीने मात्र डोकं फिरलं. खांबांखालच्या चार चौथऱ्यांवर संगमरवरात बार्बेरिनींच्या आठ ढाली आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर बाईचा चेहरा. समोरच्या डाव्या चौथऱ्यापासून फेरी मारत बघा: चेहरा आक्रसतो, तोंड वासतं, खाली ढालीचं पोट फुगत जातं. आठव्या ढालीवर बाई नाही, गुटगुटीत बाळ आहे आणि पोट सपाट. बाळंतपण आहे हो ते! कुणी म्हणतं पोपच्या घरातल्या लेकीची सुखरूप सुटका, कुणी म्हणतं माता चर्चच्या प्रसववेदना. मधलाच एक फोटो कापून त्याला बळी म्हणायचं, ही निव्वळ लबाडी.

खांबांचं थोडक्यात. कला-इतिहासकार अर्विंग लॅव्हिन यांनी १९६८ मध्ये या छत्रावर अख्खा अभ्यास लिहिलाय. पिळाची वंशावळ त्यात मिळते. याच जागी आधी असलेल्या जुन्या चर्चमध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने दिलेले पिळाचे खांब होते, जेरुसलेममधल्या राजा सॉलोमनच्या मंदिरातले समजले जाणारे. त्यांतले आठ आजही छत्राभोवतीच्या चार महाकाय खांबांत, वरच्या अंगाला दिसतात. त्यांच्यावर द्राक्षवेली आहेत, बर्निनीच्या खांबांवर लॉरेलच्या डहाळ्या. साप कुठेच नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चच्या सोनेरी वेदीचे खांब याच कुळातले.

राहिला सूर्य. तोही बार्बेरिनींचंच चिन्ह. पण ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून माणसं सूर्य पुजत आलीत, हे कबूल. अर्बनला ग्रहताऱ्यांची धास्ती होती, हेही. १६२८ मध्ये ग्रहणाची पीडा टाळायला त्याने तोम्मासो काम्पानेल्ला या साधूला बोलावून बंद खोलीत मेणबत्त्या लावून विधी करवले. नंतर १६३१ मध्ये पोपच्या मृत्यूची भाकितं करायलाच बंदी घातली. हे फॉरवर्डमध्ये असतं तर मीच पुढे पाठवलं असतं.