वाचता येतंय ना, सर?

पुस्तक आलं ते पिशवीतून. प्लास्टिकची पातळ पिशवी, आत पुस्तक आणि मध्ये नुसती हवा. याच ऑनलाइन दुकानवाल्यांनी मागे मोबाइलचं कव्हर पाठवलं होतं ते फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोक्यात घालून, ते खोकं आणखी एका खोक्यात ठेवून. जे उंचावरून फेकलं तरी फुटत नाही त्याची एवढी बडदास्त, आणि कापडी बांधणीचं, शिवलेल्या पानांचं, वरून स्लिपकेस, म्हणजे सरकवायचं पुठ्ठ्याचं खोळ, असलेलं पुस्तक मात्र भाजी आणल्यासारखं. पिशवी हातात घेतली तेव्हाच कळलं, खालचा कोपरा गेला. स्लिपकेस चेपली होती आणि आतला पुठ्ठाही चांगला बोटभर दुमडला होता.

हर्मन मेलव्हिल या अमेरिकन लेखकाचं ‘मोबी डिक’, देवमाशाच्या शिकारीची कादंबरी. माझ्याकडे ते आधीही होतं. एकाहून जास्त होतं. ही गोष्ट पुढे माझ्यावरच उलटणार होती.

तक्रार करायला गेलो तर कारणांची यादी समोर आली: चालत नाही, मापाचं नाही, रंग वेगळा आला, भाग कमी आहेत, मन बदललं. कोपरा चेपला, हे कारणच नाही. ‘भाग कमी आहेत’ हा पर्याय 1851 साली कामी आला असता. तेव्हा लंडनमध्ये हीच कादंबरी ‘द व्हेल’ नावानं तीन खंडांत निघाली आणि तिच्यात, एक जण वाचला हे सांगणारा उपसंहारच छापायचा राहिला. जहाज सगळ्यांसकट बुडालं तर गोष्ट सांगायला उरलं कोण, असं म्हणत समीक्षक मेलव्हिलवर घसरले. माझ्या प्रतीत उपसंहार होता, कोपरा नव्हता. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून ‘मापाचं नाही’वर टिचकी मारली.

लगेच तक्रार विभागातल्या एका बाईंचा फोन आला.

“सर, आपल्याला कोणता साइझ हवा होता?”

मेलव्हिल असता तर खूश झाला असता. ‘मोबी डिक’मध्ये एक अख्खं प्रकरण आहे, त्यात तो देवमाशांची वर्गवारी पुस्तकांच्या आकारांवरून करतो. मोठे ते फोलिओ, मधले ते ऑक्टाव्हो, धाकटे ते ड्युओडेसिमो. ज्यानं देवमासेसुद्धा पुस्तकांच्या कपाटात लावले, त्याच्या पुस्तकाची ही दशा. पण एवढं सगळं बाईंना कुठं सांगणार?

“साइझ बरोबर आहे. कोपरा चेपलाय.”

“पानं सगळी आहेत ना?”

“आहेत.”

“अक्षरं दिसतायत?”

“दिसतायत.”

“म्हणजे वाचता येतंय ना, सर?”

आता याला काय म्हणणार? येतं. पण ही प्रत वाचायची नाहीच. वाचायची प्रत वेगळी आहे. तिचा कणा मोडलाय, समासात माझ्याच पेन्सिलीच्या खुणा आहेत आणि ती कुणीही मागितली तर मी देतो. ही बघायची, हुंगायची आणि पाहुण्यांचे हात लागू नयेत म्हणून वरच्या फळीवर ठेवायची. हे वाक्य मोठ्यानं उच्चारलं की कुठलाही सज्जन माणूस वेडसर वाटतो. म्हणून मी नुसतं “येतंय” म्हणालो. पलीकडे टायपिंगचा आवाज आला. बहुधा ‘ग्राहकाला वाचता येते’ अशी नोंद झाली असावी.

फोटो मागवले. पाठवले. मग बराच वेळ बासरी ऐकवली.

“सर, डॅमेज दिसलं मला.”

“वा!”

“पानं वाकडीतिकडी कापलीत.”

“अहो, ती तशीच असतात.”

“नाही सर, क्लिअर दिसतंय. फिनिशिंगच नाहीये.”

“मॅडम, त्याचेच तर जास्त पैसे घेतलेत!”

मग मी त्यांना सांगितलं की पूर्वी कागद हातानं, चौकटीत, एकेक ताव असा बनायचा, त्याच्या कडा अशाच फाटल्यासारख्या यायच्या, आणि आता यंत्राच्या कागदालाही तसं रूप मुद्दाम देतात. बाईंनी ऐकून घेतलं. “मी समजू शकते, सर,” म्हणाल्या. हे वाक्य ज्यानं कुणी लिहून दिलं असेल त्याला एकदा भेटायचंय मला. पुढचं वाक्य होतं, “तर मग कडा खराब अशी नोंद करू ना? कोपऱ्याला सिस्टिममध्ये ऑप्शन नाही.”

पुस्तकात जी एकच गोष्ट धडपणे आली होती, तिच्यावर आळ घ्यायचा, तर माझं काम होणार. मी हो-नाही करत होतो तेवढ्यात त्यांचा सूर बदलला.

“आपल्या अकाउंटवर हेच पुस्तक आधीही डिलिव्हर झालंय. बऱ्याचदा.”

“हो.”

“त्या पुस्तकांत काही प्रॉब्लेम होता?”

“नाही.”

“मग?” मघापासूनचा ‘सर’ गळाला होता. “रीसेल करता का?”

या बाईंना आवृत्ती म्हणजे काय ते कसं समजावणार? 1930 साली शिकागोच्या लेकसाइड प्रेसनं रॉकवेल केंट या चित्रकाराच्या चित्रांसह हीच कादंबरी तीन खंडांत, ॲल्युमिनियमच्या केसमध्ये काढली. प्रती फक्त 1,000. (ॲल्युमिनियम! आणि मला प्लास्टिकची पिशवी.) त्याच वर्षी रँडम हाउसनं तीच चित्रं घेऊन एकाच खंडात आवृत्ती काढली, तिच्या मुखपृष्ठावर केंटचं नाव आलं आणि मेलव्हिलचं राहूनच गेलं. बिचारा हयात असताना अमेरिकेत जेमतेम 3,200 प्रती खपल्या होत्या, आणि लोक चढाओढीनं घेतील अशी आवृत्ती निघाली तेव्हा नाव गायब. 1935 साली जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’ कादंबरीच्या खास आवृत्तीसाठी चित्रकार मातीसला गाठलं, तर त्यानं चित्रं काढली ती होमरच्या ‘ओडिसी’तल्या प्रसंगांची. 1,500 प्रती, सगळ्यांवर मातीसची सही. जॉइसची फक्त 250 प्रतींवर. तेव्हा मजकूर तोच असला तरी पुस्तक तेच नसतं, हे मी सांगणार होतो. सांगितलं फक्त, “आवडतं मला.”

“सगळ्यांत स्टोरी तीच आहे ना, पण?”

खरं सांगायचं तर चिडायचं ते त्या बाईंवर नाहीच. प्रकाशकांनी तरी काय वेगळं चालवलंय? लेखक मरून शतक उलटलेलं, मानधनाचा प्रश्न नाही. तोच जुना मजकूर घ्यायचा, जुन्या छपाईच्या चुकांसकट. वर सोनेरी वर्ख, कडांना रंगाचा फवारा, एक रिबिन, की झाली ‘कलेक्टर्स एडिशन’. लेदर म्हणून जे विकतात ते कित्येकदा कातड्याचा चुरा डिंकानं थापून केलेलं असतं, आणि काही वर्षांत त्याची सालं निघायला लागतात. पानं शिवलीत की चिकटवलीत हे जाहिरातीत औषधालाही नसतं. ‘मर्यादित’ म्हणतात, पण मर्यादा किती ते छापत नाहीत. आणि आम्ही घेतो! निदान पोचवताना तरी पुठ्ठ्याचं खोकं वापरा, एवढीच मागणी.

असो. शेवटी ‘कडा खराब’ला मी हो म्हटलं. एक जण येऊन प्रत घेऊन गेला आणि बदली प्रत आली. खोक्यातून आली, त्या खोक्याभोवती दुसरं खोकं. चारही कोपरे तलवारीसारखे. कडा इतक्या गुळगुळीत की बोट घसरावं. साधं, डिंकानं चिकटवलेलं पेपरबॅक.

पुन्हा फोन केला. या वेळी दुसरे कुणी होते. तक्रार निकाली निघाली आहे, म्हणाले. कडा नीट असलेली प्रत मागितली होती, मिळाली. मी म्हटलं, मग माझी जुनी, कोपरा चेपलेलीच परत द्या, मला चालेल.

ती देता येत नाही, म्हणाले. ती सदोष आहे.