तासांच्या हिशेबाने इंटरनेटचे व्यसन मोजता येत नाही

‘लॉकडाऊनपूर्वी विद्यार्थ्यांना इंटरनेटचे व्यसन नव्हते, आता दिवसाला चार तासांहून जास्त मोबाइल पाहणारा प्रत्येक विद्यार्थी व्यसनी समजावा, एकवीस दिवस फोन काढून घ्या, सवय सुटते,’ असा मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वारंवार फिरतो. शिक्षक म्हणून मला त्यामागची काळजी समजते. तरीही त्यातले एकही विधान टिकत नाही, आणि त्यावर विसंबून पालक मुलांशी जसे वागतात ते पाहून वाईट वाटते.

लॉकडाऊन मार्च २०२० मध्ये लागला. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी हा विषय १९९६ मध्येच मांडला होता आणि बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत अशा रुग्णांसाठीचे ‘शट क्लिनिक’ २०१४ पासून चालू होते. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून गेम खेळत बसणारी, त्यासाठी क्लास बुडवणारी मुले आमच्या पिढीनेही पाहिली आहेत. लॉकडाऊनने बदलली ती फोनची जागा: तोपर्यंत जो दप्तराबाहेर ठेवायचा होता, तोच अभ्यासाचे साधन झाला.

चार तासांच्या निकषाची अडचण इथेच आहे. यंग यांच्या वीस प्रश्नांच्या चाचणीत ‘ठरवले होते त्यापेक्षा जास्त वेळ ऑनलाइन राहता का’ आणि ‘दुसरे काम करण्याआधी ई-मेल पाहता का’ असे प्रश्न आहेत. ऑनलाइन जाणे ही उठून, ठरवून करायची गोष्ट होती, त्या काळाचे हे प्रश्न आहेत. आज माझ्या वर्गातली मुलगी फळ्यावरच्या गणिताचा फोटो काढते, तो मैत्रिणीला पाठवते, उत्तराची वाट पाहताना दोन रील्स पाहते आणि पुन्हा वहीकडे वळते; यातला कोणता वेळ व्यसनाच्या खात्यावर मांडायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराला स्थान आहे, पण त्यात तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे, नुकसान दिसूनही तो चालूच राहणे आणि हे साधारण बारा महिने टिकणे, अशा खुणा त्यात आहेत. दोनच तास फोन वापरणारा, पण त्यापायी रोज पहाटेपर्यंत जागून परीक्षा चुकवणारा मुलगा चार तासांच्या चाळणीतून सहज निसटतो, आणि मला त्याचीच जास्त चिंता वाटते.

फोन काढून घेण्याच्या उपायाबद्दल दक्षिण कोरियाचा अनुभव पाहावा. तिथे २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद करणारा कायदा आला. त्याचा रोख मुख्यतः संगणकावरील खेळांवर होता. मुले मोबाइलकडे वळली आणि २०२२ च्या सुरुवातीला तो रद्द झाला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये वेगळा मार्ग धरला. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही व मोबाइल बंद ठेवले जातात. तो भोंगा मुलांइतकाच त्यांच्या आईवडिलांसाठीही असतो. एकवीस दिवसांच्या मजकुरात मात्र पालकांच्या फोनविषयी एक शब्दही नाही.