खुलासा: विहिरीत सापडलेला तो खडा अँबर नाही

दक्षिण सोलापुरात विहीर खणताना कीटक अडकलेला अँबर, म्हणजे झाडाच्या राळेचा अश्म, सापडल्याचा संदेश मधाच्या रंगाच्या खड्याच्या छायाचित्रासह फिरत आहे. तो मीही दोन गटांत पाठवला होता; ती चूक माझी.

काल तो खडा हातात घेऊन पाहिला. अँबर इतका हलका असतो की मिठाच्या दाट पाण्यात तरंगतो; हा खडा थेट तळाला गेला. त्याच्या भुकटीवर सौम्य आम्लाचा थेंब टाकताच फेस आला. म्हणजे हा कॅल्साइट, चुनखडीत असते तेच खनिज. आपल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तो गारगोट्यांसोबत सर्रास मिळतो. भिंगाखाली ‘कीटका’ला पाय दिसले ना पंख, फक्त भेगेत पसरलेला काळा डाग.

सोलापूरचा खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. हजार अंशांहून अधिक तापलेल्या त्या रसात राळ जळून जाते. ती टिकायला गाळाखाली, हवेपासून दूर गाडली जावी लागते. गुजरातेत सुरत जिल्ह्यातील वस्तान येथे लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, थरांत सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा, कीटक असलेला अँबर मिळाला आहे, तो याच कारणाने. अर्थात दख्खनमध्ये जीवाश्मच नाहीत, असेही कोणी पसरवू नये: लाव्हाच्या दोन थरांमधील तळ्यांच्या गाळात गोगलगायी आणि वनस्पतींचे अवशेष सापडतात, विशेषतः विदर्भात.

मूळ संदेश कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्यावा.