‘इंग्रज का गेले?’ हा प्रश्न वर्गात उघडा राहू द्या

बारावीच्या किंवा एफ. वाय. च्या कुठल्याही मुलाला विचारा, इंग्रज भारत सोडून का गेले? दोनच उत्तरं येतात. एक पुस्तकातलं: असहकार, सविनय कायदेभंग, छोडो भारत, मग स्वातंत्र्य. दुसरं मोबाइलवरचं: चरख्याबिरख्यानं काही झालं नाही, आझाद हिंद सेनेला आणि नौदलाच्या उठावाला घाबरून पळाले. दोन्ही उत्तरं मुलं न अडखळता देतात, आणि मला काळजी वाटते ती या न अडखळण्याची. जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य इथला कारभार गुंडाळून निघून गेलं, त्याचं कारण एका ओळीत मावतं असं त्यांना मनापासून वाटतं.

मी पुण्यात इतिहास शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं दुपारनंतर सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करत बसतात. कोणती योजना कोणत्या साली, कोणत्या आयोगाचा अध्यक्ष कोण, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. ‘का’ असं विचारलं की वर्ग गप्प होतो. यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. आपण त्यांना शाळेपासून ‘का’चंसुद्धा पाठांतर करून घेतलंय, कारणे द्या, पाच गुण.

म्हणून मी आग्रहानं सांगते की वसाहतवादी सत्तेचा शेवट तयार उत्तर म्हणून शिकवूच नये. कागद मुलांच्या हातात द्यावेत आणि एकमेकांना ‘हे कशावरून?’ असं विचारायला लावावं.

वर्गात मी काय करते ते जरा सविस्तर सांगते. मुलांना दोन कागद देते. पहिल्या कागदावर सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेला किस्सा असतो. माजी ब्रिटिश पंतप्रधान क्लेमंट ॲटली 1956 मध्ये कलकत्त्याला आले होते. तिथले मुख्य न्यायमूर्ती आणि तेव्हाचे प्रभारी राज्यपाल चक्रवर्ती यांनी त्यांना विचारलं, तुम्ही भारत का सोडलात? ॲटलींनी सुभाषबाबूंची सेना आणि नौदलाचा उठाव ही मुख्य कारणं सांगितली आणि गांधीजींचा परिणाम अगदी नगण्य होता असं म्हटलं. दुसऱ्या कागदावर असतो ॲटलींच्याच भाषणातला उतारा, 15 मार्च 1946 चा, ब्रिटिश पार्लमेंटमधला. राष्ट्रवादाची लाट भारतात वेगानं पसरते आहे आणि महायुद्धात मोठी कामगिरी केलेल्या सैनिकांपर्यंतही ती पोचली आहे, अशा अर्थाचं ते तिथं बोलले.

मग फळ्यावर चार रकाने आखते. कोण बोललं, कोणासमोर बोललं, केव्हा बोललं, आणि ते लिहून कधी ठेवलं.

चौथा रकाना भरताना वर्गात चुळबुळ सुरू होते. पार्लमेंटमधलं भाषण त्याच वेळी नोंदलं गेलंय. कलकत्त्याचं संभाषण 1956 चं, आणि चक्रवर्तींनी ते लिहिलं 1976 मधल्या एका पत्रात. मध्ये वीस वर्षं गेली. ॲटली 1967 मध्येच वारले होते, म्हणजे हो किंवा नाही म्हणायला ते हयात नव्हते. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, म्हणजे हे खोटं आहे ना?” मी म्हटलं, खोटं आहे असं म्हणायलाही पुरावा लागतो, तो तुझ्याकडे आहे का? ती विचारात पडली. तिच्या शेजारची म्हणाली, “अगं, पण दुसऱ्या कागदात सैनिकांचं आलंय की!” बरोबर. सैन्यावर आता भरवसा टाकता येत नाही ही गोष्ट दुसऱ्या कागदातूनही डोकावते. गांधीजींचा परिणाम नगण्य होता, याला मात्र त्या कागदात कुठेच आधार नाही. शेवटी एका मुलानं आणखी पुढचं विचारलं: ॲटली पार्लमेंटमध्ये बोलत होते म्हणजे कोणाला तरी पटवत होते, मग त्यांचं तरी जसंच्या तसं का मानायचं? समोर चर्चिल यांचा पक्ष विरोधी बाकांवर होता, तेव्हा प्रश्न अगदी रास्त. त्या तासाला मी फारसं बोलले नाही. मुलंच बोलत होती.

पुढच्या तासाला तारखा. नौदलाचा उठाव मुंबईत ‘तलवार’ या नौदल तळावर सुरू झाला 18 फेब्रुवारी 1946 ला. कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं पथक, भारतात पाठवणार ही घोषणा लंडनमध्ये झाली 19 फेब्रुवारीला. एवढ्या दोन तारखा फळ्यावर लिहिल्या की वर्ग एका सुरात सांगतो, उठाव झाला म्हणून दुसऱ्याच दिवशी मिशनची घोषणा झाली. मग मी तिसरी तारीख लिहिते, 22 जानेवारी 1946. मिशन पाठवण्याचा निर्णय ब्रिटिश मंत्रिमंडळानं त्या दिवशीच घेतला होता. आधी काय झालं आणि नंतर काय झालं एवढ्यावरून कारण ठरत नाही, हे मी तासभर समजावून सांगितलं असतं तरी पोचलं नसतं. तिसऱ्या तारखेनं ते क्षणात पोचतं.

पण तिथंही थांबायचं नाही. मग उठावाचा काहीच परिणाम नव्हता का? नोव्हेंबर 1945 पासून लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला होता, देशभर निदर्शनं होत होती. शाहनवाज खान, सहगल आणि ढिल्लन यांना झालेली जन्मठेपेची शिक्षा जानेवारी 1946 मध्ये सरसेनापती ऑकिनलेक यांना माफ करावी लागली. म्हणजे 22 जानेवारीच्याही मागे एक पार्श्वभूमी आहेच. आणि फेब्रुवारीत मुंबईच्या रस्त्यांवर खलाशांना पाठिंबा द्यायला उतरलेली माणसं, त्यांच्यावर झालेला गोळीबार, दोनशेहून अधिक मृत्यू, हे सगळं घडत असताना काँग्रेस आणि मुस्लिम लीग या दोन्हींच्या नेत्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं. का सांगितलं असेल? या एका प्रश्नावर माझ्या वर्गात खरंखुरं भांडण होतं, आणि ते व्हायलाच हवं.

पैशाचा भाग मुलांना आधी रुक्ष वाटतो. थोडक्यात सांगते. महायुद्धापूर्वी भारत ब्रिटनचा देणेकरी होता. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होतं. युद्धासाठी इथून धान्य, कापड, माणसं गेली, त्याचे पैसे लंडनच्या खात्यात जमा दाखवले गेले. इथे नोटा छापल्या गेल्या, महागाई भडकली, आणि 1943 मध्ये बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसं मेली. साम्राज्य का परवडेनासं झालं हे शिकवताना ते परवडावं म्हणून कोण उपाशी मेलं हेही त्याच तासाला यायला हवं. नाहीतर ‘कर्जबाजारी झाले म्हणून गेले’ हे आणखी एक एका ओळीचं उत्तर तयार होतं.

आता दुसरी बाजू. सत्ता संपली, पण कोणाची, आणि कुठे?

पंधरा ऑगस्टवर बोलत असताना भोरच्या एका मुलानं विचारलं, “आमच्याकडे तर पंतसचिवांचं राज्य होतं ना, मग त्या दिवशी आमच्यात काय बदललं?” भोर स्वारगेटहून एसटीनं दीड-दोन तासांवर. आज पुणे जिल्ह्यातला तालुका, तेव्हा संस्थान. मुंबई प्रांतात ते विलीन झालं 8 मार्च 1948 ला. लगेच लातूरचा मुलगा म्हणाला, आमचा दिवस 17 सप्टेंबर, निजामाचं राज्य संपलं तो, आणि साल 1948. गोव्याच्या बाबतीत तर पुण्याची स्वतःची गोष्ट आहे. मे 1955 मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याबरोबर सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी गोव्यात शिरली. त्याच वर्षी 15 ऑगस्टला, स्वतंत्र भारताच्या आठव्या वाढदिवशी, पोर्तुगीज गोळीबारात वीसहून अधिक सत्याग्रही गेले. गोवा मोकळा झाला तो 19 डिसेंबर 1961 ला. आणि ज्या जमातींना इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यावरचा तो कायदा देशभरातून रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावा लागला. पारधी, कैकाडी वस्त्यांमधली माणसं तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

हे सगळं सांगितल्यावर पंधरा ऑगस्टचं महत्त्व कमी होत नाही. उलट मुलं घरी जाऊन आजी-आजोबांना विचारतात, तुमच्याकडे तेव्हा काय चाललं होतं?

काय संपलं आणि काय उरलं हे शिकवायला पुण्यासारखं गाव नाही. 1897 चा साथरोग कायदा घ्या. जेमतेम चार कलमं. प्लेगच्या वेळी तो झाला आणि त्याच्या बळावर पुण्यात रँडच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले, स्वयंपाकघरापर्यंत गेले, माणसं उचलून नेली, सामान जाळलं. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. त्याच भागातलं तेव्हाचं गव्हर्नमेंट हाऊस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत, माझी मुलं तिथं फॉर्म भरायला जातात. आणि हाच कायदा मार्च 2020 मध्ये कोरोनासाठी पुन्हा लागू झाला. आज वर्गात बसलेली मुलं तेव्हा शाळेत होती, त्यांना घरासमोरच्या सोसायटीला ठोकलेले पत्रे आठवतात.

मी त्यांना विचारते, कायदा तोच, मग फरक कशात? कोणी म्हणतं, आता सरकार आपण निवडून दिलेलं आहे. कोणी म्हणतं, पोलिसांची काठी तशीच होती. कोणी सांगतं, पण साथ खरी होती, काहीतरी करायलाच हवं होतं. साथ 1897 मध्येही खरीच होती. 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना झालेल्या संसर्गानंच. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच रोगापायी सरकारी जुलूम आणि सावित्रीबाईंचं मरण, दोन्ही डोक्यात एकदम धरून बोलायला मुलांना जड जातं. मला शिकवायचंय ते नेमकं तेच.

यावर पालकांकडून आक्षेप येतात. एका पालकांनी मला कळकळीनं विचारलं, “मॅडम, असं सगळ्यालाच फाटे फोडले तर मुलांच्या मनात देशाबद्दल प्रेम कसं राहील?” त्यांची काळजी मला कळते, पण माझा अनुभव वेगळा आहे. ज्या मुलानं स्वतः कागद ताडून पाहिलेत, त्याला उद्या कोणी ‘इंग्रजांनी रेल्वे दिली, म्हणून बरंच झालं’ असं ऐकवलं तर ते गप्प बसत नाही. रेल्वे कंपन्यांच्या भांडवलाला पाच टक्के परताव्याची हमी होती आणि तूट भारतीयांच्या करातून भरली जायची, हे ते पुराव्यानिशी सांगतं. पाठ केलेलं प्रेम पहिल्याच चलाख फॉरवर्डसमोर गडबडतं, हे मी वर्गात वारंवार पाहिलंय.

चिकित्सक विचार म्हणजे सगळ्यांचंच थोडं थोडं बरोबर, असंही मी शिकवत नाही. काही दावे तपासले की गळून पडतात, आणि ते गळून पडले असं वर्गात स्पष्ट म्हणायला हवं. ते कोणत्या बाजूचे आहेत हे पाहून आवाज खाली आणायचा नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणी म्हणतात, एवढा वेळ कुठून आणायचा, पोर्शन कोण पूर्ण करणार? खरं आहे. मीही सगळं प्रकरण असं शिकवू शकत नाही. पण पूर्ण वर्षात दोन तास तर निघतात. एक ॲटलींच्या दोन कागदांसाठी, एक फेब्रुवारी 1946 च्या तारखांसाठी. आणि प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न असा असावा ज्यात उतारा छापलेला असेल आणि विचारलं असेल: हा कोणी लिहिला, कधी लिहिला, यावर किती विश्वास ठेवाल, आणि का? पेपर तपासायला जास्त वेळ लागेल, ते मान्य.

15 मार्च 1946 चं भाषण ब्रिटिश पार्लमेंटच्या नोंदींमध्ये इंटरनेटवर फुकट वाचता येतं. मी त्यातल्या उताऱ्याचं मराठी भाषांतर करून ठेवलंय, सोबत तारखांचा एक पानी तक्ता आहे. पंधरा ऑगस्टच्या आधी आपल्या वर्गात कोणाला हे करून पाहायचं असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, मी पाठवते. आणि तुमच्या गावातली सत्ता नेमकी कधी, कशी बदलली याचा एखादा कागद, पत्र किंवा घरातली वही तुमच्याकडे असेल, तर त्याचा फोटो मला नक्की हवाय.